पट्टीचा आकडा पुन्हा का चुकतो? हिशोब स्क्रीनमधून बाहेर काढण्याची गोष्ट

दसरा झाला की लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या कट्ट्यांमधून, म्हणजे भरलेल्या पोत्यांमधून, वाट काढत चालावं लागतं. त्याच दिवसांत माझा फोन सकाळपासून वाजायला लागतो आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "साहेब, पट्टीत पुन्हा फरक यायलाय." पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्याने शेतकऱ्याला द्यायची हिशोबाची पावती. या तक्रारीतला 'पुन्हा' मला टोचतो. एकदा चुकलेला हिशोब दुरुस्त करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. पण तोच हिशोब दिवाळीत, मग तुरीच्या आवकेत, मग हरभऱ्याला परत चुकत असेल तर आपण दुखणं सोडून भलत्याच जागी मलम लावतोय.

आडत दुकानं, पतसंस्था, दूध संकलन, कृषी सेवा केंद्रं असल्या धंद्यांची सॉफ्टवेअरं मी लिहितो आणि सांभाळतो. धंदा कोणताही असो, हे दुखणं सगळीकडे भेटलं. इथं एकच पट्टी धरून सांगतो. तुमच्याकडे पट्टीऐवजी व्याजाची पावती असेल किंवा दुधाचं बिल असेल, तर त्याचे शब्द घालून वाचा.

एक माल, तीन आकडे

२०२४ च्या हंगामातली पट्टी आहे. बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं वजन, वजा जाता माल १३.४७ क्विंटल, भाव ४,३५० रुपये, हवा लागली १३. मोंढ्याशी, म्हणजे या धान्य बाजाराशी, संबंध नसलेल्यांसाठी सांगतो: ओलाव्याला इथं हवा म्हणतात. या दुकानात सौदा १० हवेच्या मालाचा धरतात आणि वर जितके टक्के जास्त तितके टक्के वजन कापतात. म्हणजे ३ टक्के कट.

काउंटरच्या स्क्रीनवर मालाची रक्कम दिसत होती ५६,८५४. छापील पट्टीवर ५६,८५५. शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेलेल्या लिंकमध्ये ५६,८३७.

एका रुपयासाठी कोणी भांडत नाही. अठरा रुपयांसाठी भांडतात, आणि का भांडू नये? तो गडी काउंटरवर एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून उभा होता. "शेठ, ह्यात एक हाय, त्यात एक हाय. तुमच्याकडं दोन काटे हायत का?" दोन काटे असणं हा बाजारातला सगळ्यात वाईट आरोप. शेठनी अठरा रुपये गल्ल्यातून काढून दिले आणि मला फोन लावला.

खरं सांगायचं तर ही तक्रार मी आधी तीनदा 'सोडवली' होती. एकदा छपाईच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसमधून आकडे काढणाऱ्या आज्ञेत, दुरुस्ती केली. एकदा काउंटरच्या फॉर्ममध्ये. तिसऱ्यांदा मोबाईलच्या पानात. दर वेळी त्या दिवसाचे आकडे जुळायचे, शेठ चहा पाजायचे आणि मी गावाकडं निघायचो.

कोड उघडायच्या आधी कागद घ्या

या वेळी मी लॅपटॉप मिटूनच ठेवला. एक पट्टी घेतली आणि तिन्ही आकडे कसे आले असतील ते पायरी-पायरीने कागदावर मांडलं. शेवटची रक्कम नुसती बघत बसलात तर काही कळत नाही. मधल्या पायऱ्या बघायच्या.

१३.४७ चे ३ टक्के म्हणजे ०.४०४१ क्विंटल. हा कट तसाच वजा केला तर निव्वळ माल १३.०६५९ राहतो, त्याची रक्कम ५६,८३६.६६५, म्हणजे ५६,८३७. मोबाईलचा आकडा सापडला. त्या पानातल्या जावास्क्रिप्टने मधे कुठंही पूर्णांक केला नव्हता, फक्त शेवटी केला.

कट आधी पूर्ण किलोत आणला तर ०.४० क्विंटल. निव्वळ १३.०७, गुणिले ४,३५० म्हणजे बरोबर ५६,८५४ रुपये ५० पैसे. आता हे पन्नास पैसे कुठं न्यायचे? काउंटरचा फॉर्म व्हीबी डॉट नेट या प्रोग्रामिंग भाषेत होता. तिथलं मॅथ डॉट राउंड काही वेगळं सांगितलं नाही तर अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून ५६,८५४. छपाईची क्वेरी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये होती. तिथलं राउंड अर्धा शून्यापासून लांब नेतं, म्हणून ५६,८५५. दोन्ही आपापल्या जागी चोख. सम संख्येकडे नेण्याची रीत काही बग नाही, हजारो व्यवहारांची बेरीज एकाच बाजूला झुकू नये म्हणून ती ठेवलेली आहे. फक्त ती आमच्या मुनीमकाकांना कोणी सांगितली नव्हती.

असल्या फरकात बरेच जण लगेच फ्लोटिंग पॉइंटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या अपूर्णांक अंदाजे साठवण्याच्या रीतीवर, बोट ठेवतात. ०.१ आणि ०.२ मिळवले की जावास्क्रिप्ट ०.३०००००००००००००००४ दाखवतं, हा किस्सा प्रत्येकाने ऐकलेला असतो. पैसे डेसिमलमध्ये किंवा सरळ पैशांच्या पूर्णांकात ठेवावेत हे खरंच आहे. पण इथं अठरा रुपयांचा दोष त्याचा नव्हता. एकच नियम तीन जणांनी तीन ठिकाणी आपापल्या समजुतीने लिहिला होता, आणि ते तिघेही वेगवेगळ्या वर्षांतला मीच होतो.

नियम कुणाच्या डोक्यात आहे?

तिन्हीतलं बरोबर कोणतं, हे ठरवायचा अधिकार प्रोग्रामरला नसतो. मी मुनीमकाकांच्या गादीवर जाऊन बसलो. ते म्हणाले, "कट किलोत धरायचा. किलोच्या आतली कसर सोडून द्यायची, ती शेतकऱ्याची. अन् आठ आणे असले की रुपया, ते बी शेतकऱ्याचाच."

दोन वाक्यांत नियम संपला. यातला एक बारकावा माझ्या तिन्ही कोडांत नव्हता. 'कसर सोडून द्यायची' म्हणजे कट जवळच्या किलोवर आणायचा नाही, खाली उतरवायचा. ०.४०४१ ला दोन्ही रीतींनी ०.४० च येतं, म्हणून त्या दिवशी छापील पट्टी योगायोगाने बरोबर निघाली. माल १३.६० असता तर कट ०.४०८ आला असता. जवळच्या किलोचा हिशोब ४१ किलो कापतो, मुनीमकाका ४० कापतात. म्हणजे बरोबर दिसणारी छपाईही कित्येक शेतकऱ्यांचा एक-एक किलो खात होती, फक्त कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हे संभाषण मी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि पुढे कोडमध्ये फंक्शनच्या, म्हणजे हिशोब करणाऱ्या तुकड्याच्या, डोक्यावर टिपणीत तसंच ठेवलं.

स्क्रीनमध्ये काय लपलंय ते हुडकणं

हिशोब बटणाच्या मागे जाऊन का बसतो याचं कारण फार साधं आहे. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं तेव्हापासून असल्या साधनांत फॉर्मवर बटण ओढायचं, त्यावर दोनदा क्लिक करायचं, की रिकामं फंक्शन उघडतं. कर्सर तिथंच लुकलुकत असतो. गिऱ्हाईक पाठीमागे उभं असतं. माणूस तिथंच लिहिणार. स्क्रीन वेगळी ठेवा आणि तिच्यामागचा विषय वेगळा ठेवा ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञाने १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवर काम करताना मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर मांडलं: मॉडेल म्हणजे विषय, व्ह्यू म्हणजे स्क्रीन, कंट्रोलर म्हणजे वापरणाऱ्याच्या हालचाली झेलणारा भाग. आज वेबवाली मंडळी हेच नाव घेतात आणि सगळा हिशोब कंट्रोलरमध्ये कोंबतात. बटणामागचा पसारा दुसऱ्या खोलीत हलवला, एवढंच.

हुडकायला मी दोन गोष्टी केल्या. सगळ्या फायलींमध्ये 'राउंड' शोधलं आणि गुणाकाराच्या चिन्हाशेजारी भाव किंवा वजन कुठं येतं ते पाहिलं. एका छोट्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीचा हिशोब अकरा ठिकाणी निघाला. तीन मला माहीत होते.

मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: उद्या हा कॉम्प्युटर काढून मुनीमकाकांना परत वही दिली तर ही ओळ वहीत पाळावी लागेल का? लागेल तर तो धंद्याचा नियम, बिझनेस लॉजिक. नसेल लागणार तर ती दाखवण्याची बाब, प्रेझेंटेशन लेयर. आकड्यात लाखाचा स्वल्पविराम टाकणं दाखवणं झालं. रुपयात पूर्णांक करणं मात्र नियम, कारण तेवढे पैसे खरोखर हातात पडतात. तारीख कशी छापायची ते दाखवणं, भाव कोणत्या तारखेचा धरायचा तो नियम.

गोंधळ होतो तो एकाच ओळीत दोन्ही असतात तेव्हा. याचा धडा मला दुसऱ्याच ठिकाणी मिळाला. जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी हमीभावाने सोयाबीन घ्यायची. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि ओलाव्याची अट १२ टक्के. मी एंट्रीच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं: ओलावा १२ च्या वर गेला की चौकट लाल कर आणि सेव्हचं बटण बंद कर. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने त्या हंगामापुरती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आत बटण बंद. '१२' शोधायला गेलो तर वर्षाचे महिने सापडले, डझन सापडले, एका ठिकाणी तर फॉन्टचा आकार सापडला. शेवटी पाच फॉर्म बदलले आणि सहावा राहिला, तो दोन दिवसांनी कळला.

लाल रंग स्क्रीनचा आहे, बारा हा आकडा तिचा नाही. 'हा माल बसतो का?' असं स्क्रीनने विचारायचं, उत्तर आलं की रंग तिने ठरवायचा. आणि बटण बंद करणं ही नुसती सोय समजा, कुलूप समजू नका. त्याच कंपनीच्या मोबाईल ॲपमध्ये ते बटण नव्हतंच. तिथून १९ टक्के ओलाव्याचा माल आरामात नोंदला जात होता. स्क्रीनवर तपासणी ठेवा, ऑपरेटरचा वेळ वाचतो, पण शेवटची तपासणी नियमाच्या जागीच झाली पाहिजे.

बाहेर काढताना

सगळं एकदम नव्याने लिहायच्या भानगडीत पडू नका, हंगामात तर मुळीच नाही. मी एकच फंक्शन केलं. त्याला वजन, हवा, भाव, कट्टे आणि तारीख द्यायची. ते कट, निव्वळ वजन, मालाची रक्कम, हमाली, तोलाई आणि हातात द्यायची रक्कम परत देतं. आपल्याला कोण विचारतंय, काउंटर, छपाई की मोबाईल, हे त्याला कळायलाच नको. मग अकरा जागांतली एकेक जागा घ्यायची, जुना हिशोब काढायचा, तिथून या फंक्शनला हाक मारायची आणि आकडे ताडून बघायचे. मोबाईलच्या पानातला गुणाकार पुसून टाकला. ते पान आता सर्व्हरकडे रक्कम मागतं आणि दाखवतं.

पहिल्या प्रयत्नात मी माती खाल्ली, तेही सांगतो. 'बिझनेस' नावाचा वेगळा प्रोजेक्ट केला, ऐटीत फायली हलवल्या, पण आतल्या फंक्शनला फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्सच देत होतो. नाव वेगळं, नाळ तुटलेली नाही. त्याहून वाईट म्हणजे भाव रिकामा असेल तर सूचनेची खिडकी उघडायची ओळही तशीच आत गेली. रात्री दहाला दिवसभराच्या पट्ट्यांची बेरीज काढणारा एक प्रोग्राम आपोआप चालायचा. एका सकाळी बेरीजच नाही. सर्व्हरवर लॉगिन करून बघितलं तर पडद्याच्या मधोमध खिडकी उभी: 'कृपया भाव भरा.' खाली ओकेचं बटण. रात्रभर ती कोणीतरी ओके दाबेल म्हणून वाट बघत होती.

तेव्हापासून नियमाच्या जागी खिडकी नाही, रंग नाही, टेक्स्टबॉक्स नाही. नकार द्यायचा असेल तर कारण परत पाठवायचं: भाव नाही, हवा जास्त, वजन शून्य. वाक्य ज्याचं त्याने करावं. काउंटरवर ऑपरेटरला 'भाव भरा' पुरतं, शेतकऱ्याच्या मोबाईलवर 'आज भाव अजून लागलेला नाही' असं लिहावं लागतं, आणि रात्रीचा प्रोग्राम तीच गोष्ट नोंदवहीत टाकून पुढे जातो.

काही जण विचारतात, मग सगळं स्टोअर्ड प्रोसिजरमध्येच, म्हणजे डेटाबेसच्या आत ठेवलेल्या कोडमध्येच, टाकलं तर? चालेल की. एकच डेटाबेस असेल आणि तो बदलणार नसेल तर मी त्याला पाप म्हणणार नाही. माझं एक गिऱ्हाईक मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर होतं, म्हणून मी कोडमध्ये ठेवलं. हिशोब एका जागी असणं महत्त्वाचं.

पुन्हा छापली की बदलणारी पट्टी

वरचं सगळं केल्यावर मला वाटलं सुटलो. फेब्रुवारीत फोन आला: "साहेब, दिवाळीची पट्टी परत छापली तर रक्कम कमी यायली." मधल्या काळात हमालीचा दर वाढला होता. फंक्शन एकच, बरोबर, पण पट्टी परत छापताना ते आजच्या दराने नव्याने हिशोब करत होतं.

यावर दोन दुरुस्त्या लागतात आणि दोन्ही कराव्यात. दरांचा तक्ता वेगळा ठेवून प्रत्येक दरापुढे 'कधीपासून लागू' ही तारीख ठेवायची. जुना दर खोडायचा नाही, नवीन ओळ घालायची. आणि पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली की तिचे सगळे आकडे, मधल्या कटासकट, डेटाबेसमध्ये गोठवून ठेवायचे. परत छपाई म्हणजे तेच आकडे परत कागदावर. तिथं गुणाकाराला जागाच नको. मुनीमकाकांच्या वहीत जुन्या पानावर कोणी नवा दर लावून बेरीज करतं का?

दुरुस्ती टिकते की नाही हे बघायला मी काकांकडून त्यांच्या हाताने काढलेल्या तीस जुन्या पट्ट्या मागून घेतल्या. कार्बनच्या निळ्या प्रती, काहींवर चहाचे डाग. त्या तक्त्यात भरल्या: डावीकडे वजन, हवा, भाव, कट्टे, तारीख, उजवीकडे काकांची रक्कम. आता कोडमध्ये काहीही बदललं की एकही फॉर्म न उघडता तीसच्या तीस पट्ट्या क्षणात तपासल्या जातात. हिशोब स्क्रीनमध्ये होता तेव्हा हे शक्यच नव्हतं. प्रत्येक पट्टीसाठी फॉर्म उघडा, आकडे भरा, बटण दाबा. कोण करणार?

पहिल्यांदा चालवलं तेव्हा चार जुळल्या नाहीत. दोन माझ्या चुका होत्या, हवा बरोबर १० असताना काय करायचं त्याच्या. उरलेल्या दोन घेऊन भीतभीतच काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही परत मांडल्या, एक बेरीज खोडली आणि म्हणाले, "त्या दिवशी लाइट नव्हती."

नंतर हमाली परत वाढली तेव्हा मला फोन आलाच नाही. ऑपरेटरने दराच्या तक्त्यात एक ओळ घातली होती, ते मला पुढच्या भेटीत कळलं.

एक जागा मात्र अजून राहिली आहे. वर्षअखेरीला हिशोब तपासनिसाकडे जाणारी एक्सेलची फाईल आहे. तिच्यात वजन आणि भाव कॉपी करतात आणि रक्कम तिथलंच एक सूत्र काढतं. म्हणजे बारावी जागा. मार्चमध्ये सात रुपयांचा फरक निघाला. ते सूत्र कोणी घातलं हे दुकानात कोणाला आठवत नाही, आणि पत्रक पासवर्डने बंद आहे.